जोर हाताचा की कमरेचा?

गोल्फ हा आपल्या गावात खेळला जाणारा खेळ नव्हे. एवढे विस्तीर्ण हिरवे मैदान, ते राखायला लागणारे पाणी आणि हजारो रुपयांच्या काठ्या, हे सारे आपल्या आवाक्याबाहेरचे. तरीही या आठवड्याच्या सदरासाठी मी हाच विषय घेतला आहे. त्याला कारण झाले माझ्या दवाखान्यातील दोन रुग्ण. त्यांपैकी एक खरोखरच गोल्फ खेळणारे आहेत. दुसऱ्या बाईंनी गोल्फची काठी जन्मात पाहिलेली नाही. पण त्यांना जडलेल्या दुखण्याचे नाव मात्र 'गोल्फर्स एल्बो', म्हणजे गोल्फ खेळणाऱ्याचे कोपर!

पहिले रुग्ण लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार. वय ६२. लष्कराच्या अनेक छावण्यांत गोल्फचे मैदान असते. नोकरीच्या अखेरच्या वर्षांत तेथेच त्यांना हा नाद लागला. गावी परतल्यावर मैदान कुठून आणणार? तेव्हा तीन जुन्या काठ्या आणि पिशवीभर चेंडू घेऊन ते पहाटे माळावर जात, तासभर फटके मारीत आणि मग नातवाच्या मदतीने चेंडू वेचून आणीत. माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या उजव्या कोपराची आतली बाजू इतकी दुखत होती की भरलेला तांब्या उचलवत नव्हता. कंबर तर वर्षभरापासून धरलेली. दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या सहा महिने चालू होत्या. त्यामुळे पोटात जळजळ सुरू झाली होती, रक्तदाब वाढला होता आणि रक्ततपासणीत मूत्रपिंडाचे काम थोडे मंदावल्याचे दिसत होते. दुखणे कोपरात आणि मार मूत्रपिंडाला, असा प्रकार मी वरचेवर पाहतो.

मी गोळ्या बंद केल्या, कमरेला पट्टा दिला, कोपरात एक इंजेक्शन दिले आणि खेळ थांबवायला सांगितले. दीड महिना त्यांना बरे वाटले. खेळ पुन्हा सुरू करताच दुखणे परत हजर. दुसऱ्या खेपेला सुभेदार जरा घुश्श्यातच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुम्ही माझे कोपर पाहिलेत, कंबर पाहिलीत. पण मी काठी फिरवतो कशी, ते एकदाही पाहिले नाहीत."

त्यांचे म्हणणे खरे होते. दुसऱ्या दिवशी पहाटे मी माळावर गेलो.

काय पाहिले ते सांगतो. सुभेदार सावधान उभे राहावेत तसे पाय रोवून उभे होते. काठी इतकी आवळून धरलेली की बोटांची पेरे पांढरी पडली होती. खुबे जागचे हलत नव्हते. वरचे धड तेवढे पिळवटून मागे जाई आणि मग दोन्ही हातांच्या जोरावर काठी खाली येई, एखादा माणूस साप मारतो तशी. प्रत्येक फटक्याला तोंडातून 'हुं' असा आवाज. दहा फटके पाहिल्यावर त्यांच्या कोपराचे आणि कमरेचे दुखणे कुठून येते, ते मला कळून चुकले.

आता थोडे गणित करू. गोल्फचा चेंडू जेमतेम ४६ ग्रॅमचा, काठीचे पुढचे डोके सुमारे २०० ग्रॅमचे. मुरलेला व्यावसायिक खेळाडू हे डोके ताशी सुमारे १८० किलोमीटर वेगाने फिरवतो, म्हणजे सेकंदाला ५० मीटर. वरून खाली येऊन चेंडूला भिडायला काठीला साधारण पाव सेकंद लागतो. शाळेत शिकलेले सूत्र वापरले तर त्या २०० ग्रॅमच्या डोक्यात २५० ज्यूल ऊर्जा भरावी लागते, आणि तीही पाव सेकंदात. याचा अर्थ १००० वॅट, म्हणजे सव्वा अश्वशक्तीहून अधिक. हा केवळ काठीच्या डोक्याचा हिशेब झाला. हात आणि दांडा फिरवायला लागणारी शक्ती वेगळीच. विहिरीवरच्या एक अश्वशक्तीच्या मोटारीला जमणार नाही ते काम मनगटाच्या आणि पंजाच्या चिमुकल्या स्नायूंना कसे जमावे? एवढा जोर देणारे स्नायू शरीरात ठरावीक ठिकाणीच आहेत: मांड्या, नितंब, पोट आणि पाठ.

मग हात करतात तरी काय? या प्रश्नावर गोल्फच्या जगात जुने भांडण आहे. इंग्लंडचा हेन्री कॉटन हा हातांचा कैवारी. १९३४, १९३७ आणि १९४८ अशी तीन वेळा त्याने ब्रिटनची ओपन स्पर्धा जिंकली. हात आणि मनगटे कणखर व्हावीत म्हणून तो मोटारीच्या जुन्या टायरवर काठीचे फटके मारायला लावी. दुसऱ्या बाजूला अमेरिकेचा बेन होगन. १९४९ साली त्याच्या मोटारीला बसची समोरासमोर धडक बसली आणि तो मरता मरता वाचला. तरी पुढच्याच वर्षी त्याने अमेरिकेची ओपन स्पर्धा जिंकली. १९५७ साली त्याने पाच धड्यांचे पुस्तक लिहिले. त्याचे सांगणे असे की, खाली येणाऱ्या फटक्याची सुरुवात खुब्यांनी करावी, हातांनी नव्हे.

वैद्यकाच्या नजरेने पाहिले तर दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. फक्त ते वेगवेगळ्या कामांबद्दल बोलत आहेत. १९६८ साली कॉक्रन आणि स्टॉब्ज या दोघांनी ब्रिटनमधील शास्त्रज्ञांच्या अभ्यासावर आधारलेले पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात गोल्फच्या फटक्याची तुलना एकमेकांना जोडलेल्या दोन दांड्यांशी केली आहे. एक दांडा म्हणजे हात, दुसरा म्हणजे काठी, आणि मधला सांधा म्हणजे मनगट. बैलगाडीवाल्याचा आसूड आठवा. मूठ पुढे येते आणि मंदावते, तेव्हा वेग सरकत सरकत वादीच्या टोकाला पोहोचतो आणि टोक कडाडते. गोल्फमध्येही तसेच. आधी खुबे वळतात, मागून छाती, मग दंड आणि सर्वांत शेवटी काठी. मागचा भाग मंदावला की त्याचा वेग पुढच्याला मिळतो. मनगट हे येथे दाराच्या बिजागरीसारखे असते. मनगट सैल असेल तर काठी आपोआप सुटते; मूठ आवळली तर बिजागरी गंजल्यासारखी होते आणि खालून आलेला वेग तेथेच अडतो. मग माणूस हातांनी आणखी जोर लावतो आणि कोपराला भार सोसावा लागतो.

जोराचे काम नसले, तरी हातांना दुसरे मोठे काम आहे. काठीचे तोंड कोणत्या दिशेला राहील, ते पकड ठरवते. काठी आणि चेंडू यांचा स्पर्श सेकंदाच्या साधारण दोन हजाराव्या भागापुरताच टिकतो. त्या क्षणी काही सुधारायला माणसाला वेळच नसतो. म्हणून हात आधीच नीट बसलेले असावे लागतात. हिरवळीवर खळग्याजवळचे जे हलके टोले असतात, ज्यांना 'पटिंग' म्हणतात, तेथे तर जोराचा प्रश्नच नाही. सारी कमाल नजरेची आणि हळुवार हाताची. २०२१ साली टोकियो ऑलिंपिकच्या वेळी आपल्यापैकी अनेकांनी आयुष्यात पहिल्यांदाच पहाटे उठून गोल्फ पाहिला असेल. आपली अदिती अशोक लांब फटके मारणाऱ्यांपैकी नव्हती. इतर जणी तिच्या कितीतरी पुढे चेंडू टाकीत होत्या. तरी पटिंगच्या बळावर ती चौथी आली आणि कांस्यपदक केवळ एका टोल्याने हुकले.

आता कमरेकडे वळू. लेखाच्या मथळ्यात मी 'जोर कमरेचा' असे लिहिले आहे, पण खरे तर ते चूक आहे, आणि या चुकीनेच अनेकांच्या पाठी मोडतात. आपण सहज म्हणतो, 'कमरेतून वळा.' परंतु कमरेचे पाच मणके वळण्यासाठी बनलेलेच नाहीत. त्यांच्या मागच्या बाजूचे छोटे सांधे उभ्या फळ्यांसारखे एकमेकांत अडकलेले असतात. त्यामुळे पुढे-मागे वाकणे सोपे, पण पिळणे अवघड. पाचही मणके मिळून एका बाजूला सुमारे ५ ते १० अंशच वळतात. त्याच्या वरचे, बरगड्या जोडलेले छातीचे बारा मणके मिळून सुमारे ३० ते ३५ अंश वळतात. आणि खुब्याचा सांधा म्हणजे खोबणीत बसलेला गोळा. तो आत आणि बाहेर प्रत्येकी ३५-४० अंश सहज फिरतो. गोल्फचा खेळाडू काठी मागे नेतो तेव्हा त्याचे खांदे सुमारे ९० अंश वळलेले दिसतात. त्यातले निम्मे वळण खुब्यांतून आणि पायांतून येते, उरलेले मुख्यतः छातीच्या मणक्यांतून. कमरेने फक्त मधला निरोप्या व्हायचे असते.

खुबा आखडला तर मात्र त्याचा वाटा कमरेवर येतो. पाठदुखी असलेल्या गोल्फ खेळाडूंत पुढच्या पायाचा खुबा आतल्या बाजूला कमी वळतो, असा संबंध काही अभ्यासांत दिसून आला आहे. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा पुढचा पाय म्हणजे डावा. सुभेदारांचा डावा खुबा मी टेबलावर निजवून तपासला. उजवा व्यवस्थित फिरत होता, डावा जेमतेम निम्मा. नोकरीत असताना त्या बाजूला एकदा मार बसला होता, हे त्यांना तेव्हा आठवले. पहिल्याच भेटीत मी हे पाहायला हवे होते.

१९९० च्या दशकात अमेरिकेत एक शिकवण जोरात आली. खुबे शक्य तितके स्थिर ठेवा आणि खांदे जास्तीत जास्त वळवा, म्हणजे रबर पिळल्यासारखा ताण भरेल आणि चेंडू लांब जाईल. चेंडू लांब जातो, यात शंका नाही. पण पिळले जाणारे रबर म्हणजे आपल्या मणक्यांमधील चकत्या आहेत. जुन्या पिढीचे बॉबी जोन्स किंवा जॅक निकलस काठी मागे नेताना डावी टाच खुशाल जमिनीवरून उचलू देत. टाच उचलली की खुबा मोकळा होतो आणि कमरेवरचा पीळ कमी होतो. टायगर वुड्सचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. २०१४ ते २०१७ या काळात त्याच्या पाठीवर चार शस्त्रक्रिया झाल्या. शेवटच्या वेळी कमरेचे तळाचे मणके जोडून टाकावे लागले. त्यानंतर २०१९ साली तो पुन्हा मास्टर्स स्पर्धा जिंकला, हा त्याच्या जिद्दीचा आणि शल्यविद्येचा पराक्रम. पण तसली शुश्रूषा आपल्या वाट्याला येणार नाही, हे ध्यानात ठेवलेले बरे.

गोल्फ न खेळणारा वाचक येथे म्हणेल, "आम्हाला याचे काय?" त्याने स्लॅब पडतानाची माणसांची रांग आठवावी. काँक्रीटने भरलेले घमेले एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाते. पाय जागचे हलत नाहीत, धड तेवढे डावीकडून उजवीकडे, शेकडो वेळा. फावड्याने माती उचलून बाजूच्या ट्रॉलीत फेकणारा गडीही तसाच. गोल्फपटू २०० ग्रॅमचे डोके फिरवतो. हा गडी आठ-दहा किलोचा भार फिरवतो, आणि तोही वाकलेल्या पाठीने. वाकलेल्या स्थितीत पीळ बसणे चकतीला सर्वांत वाईट. अशा कामात पाय थोडे मागे-पुढे ठेवावेत, भार जिकडे द्यायचा त्या बाजूला पावलाचे टोक वळवावे आणि मागची टाच उचलू द्यावी. बेंबी आणि बुटाचे टोक एकाच दिशेला राहिले तर समजा की कंबर सुरक्षित आहे. जुने अनुभवी गवंडी हे न शिकवता करतात. नवी पोरे पाठीच्या मस्तीत करीत नाहीत.

आता त्या दुसऱ्या रुग्णाकडे येतो. या बाई खानावळ चालवतात. रोज चाळीस माणसांच्या पोळ्या, शिवाय घरच्या चादरी-सतरंज्या हाताने धुऊन पिळायच्या. उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला हाडाचा जो उंचवटा लागतो, तेथे बोट दाबताच त्या कळवळल्या. मी दुखण्याचे नाव सांगितले तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "डॉक्टर, हे साहेबलोकांचे दुखणे माझ्या घरी कसे आले?"

ते येते ते असे. मूठ आवळणारे आणि मनगट आत वाकवणारे स्नायू त्या उंचवट्यापासून सुरू होतात. स्नायू आणि हाड यांना जोडणारी जी दोरी असते, तिला कंडरा म्हणतात. मनगटाने वारंवार जोर लावला की कंडरेचे तंतू झिजतात. पूर्वी आम्ही याला सूज म्हणत असू; आता कळले आहे की जुन्या दुखण्यात सूज थोडी आणि झीजच फार असते. म्हणूनच सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी कळ थांबते, पण दोरी सांधत नाही. इंजेक्शनाचेही तसेच. आराम लवकर पडतो, पण वारंवार घेतल्यास कंडरा कमजोर होण्याची भीती असते. सुभेदारांना दिलेल्या इंजेक्शनाबाबत मी तेव्हा जरा घाईच केली.

बाईंची परात उंच ओट्यावर असे. उंचावर मळताना अंगाचा भार येत नाही, सारा जोर मनगटाचा. मी त्यांना परात खाली ठेवून किंवा ओट्यापुढे भक्कम पाट ठेवून त्यावर उभे राहून, कोपर सरळ ठेवून मळायला सांगितले. असे केले की खांद्यावरून अंगाचे वजनच पिठावर पडते. चादरी पिळणे महिनाभर बंद. पाणी निथळत ठेवायचे आणि तशीच वाळत घालायची.

व्यायाम दोघांना एकच दिला. अर्धा लिटर पाण्याची भरलेली बाटली घ्यावी. हात टेबलावर टेकवून, तळवा वर करून, मनगट टेबलाच्या कडेबाहेर ठेवावे. दुसऱ्या हाताने बाटलीसह मनगट वर आणावे आणि मग दुखऱ्या हाताने सावकाश, पाच आकडे मोजत खाली सोडावे. असे पंधरा वेळा, दिवसातून दोनदा. किंचित दुखले तर चालेल; रात्री ठणकले तर दुसऱ्या दिवशी निम्मे करावे. गुण यायला दोन-तीन महिने लागतात. या मुदतीवर रुग्णांचा विश्वास बसत नाही, आणि बहुतेक जण तिसऱ्या आठवड्यात बाटली टेबलाखाली ठेवून देतात.

आपले वळण कुठून येते, ते घरीच पाहता येते. खुर्चीवर ताठ बसा, दोन गुडघ्यांत उशी दाबून धरा, म्हणजे खुबे वळणार नाहीत. हात छातीवर घडी करून डावीकडे आणि उजवीकडे वळा. हनुवटी नव्हे, छातीचे हाड किती वळते ते पाहा. समोर आणि बाजूची भिंत यांच्या मध्यापर्यंत वळत असेल तर उत्तम. दोन बाजूंत बराच फरक असेल तर छातीचे मणके आखडले आहेत, असे समजा. त्यासाठी कुशीवर निजून, गुडघे पोटाशी घेऊन, वरचा हात पुस्तकाचे पान उलटावे तसा सावकाश मागे उघडावा. दहा वेळा इकडे, दहा वेळा तिकडे. खुब्यासाठी खुर्चीच्या कडेवर बसून मांडी न हलवता पोटरी बाहेरच्या बाजूला न्यावी. दोन्ही पायांत फरक दिसला तर तो पाय रोज हलक्या हाताने तसाच फिरवावा.

पाठदुखीबरोबर पायाला मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल, पाऊल उचलताना लटके पडत असेल, तर व्यायाम करीत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. लघवी वा शौचावरचा ताबा सुटला किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. कोपराच्या दुखण्यात करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होत असेल तर नस दबली असण्याचा संभव असतो. तेही तपासून घ्यावे. चालताना किंवा चढ चढताना डावा हात आणि छाती एकदम भरून येत असेल, तर ते कोपर नव्हे, हृदय समजावे आणि वेळ न दवडता इस्पितळात जावे.

सुभेदार अडीच महिने एकही फटका न मारता राहिले. या काळात बाटली, खुब्याचा व्यायाम आणि रोज चालणे. मग मी त्यांना चेंडूशिवाय काठी फिरवायला सांगितली. पकड इतकी सैल की कोणीही काठी ओढून घ्यावी, आणि मागे जाताना डावी टाच उचललेली. लष्करी माणसाला टाच उचलणे म्हणजे शिस्तभंग वाटत होता. नातू समोर उभा राहून "आजोबा, टाच!" असे ओरडे, तेव्हा कुठे जमले. आता ते आठवड्यातून तीन दिवस, रोज तीसच चेंडू मारतात. फटका पूर्वीपेक्षा आखूड पडतो की लांब, असे मी विचारले. ते म्हणाले, "पहिले पंधरा लांब पडतात. मग मला जोर लावावासा वाटतो, आणि पुढचे पंधरा आखूड." परवा रक्तदाब आणि मूत्रपिंडाचे आकडे पुन्हा तपासले, दोन्ही खाली आले आहेत. खानावळीच्या बाईंचे कोपर अजून थोडे दुखते. पाट घेतला आहे, पण पाहुणे आले की चादरी पिळायचा मोह त्यांना आवरत नाही.